ताईंची मोठी अक्षरं

आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणाऱ्या ताईंना पाठीमागे सगळे 'चालेल ताई' म्हणायचे. मीसुद्धा. मी तिथे रक्त काढते, लोकांची तोंडं वाकडी होताना रोज बघते. पण ताईंचा चेहरा कधी हललेला पाहिला नाही. सुट्टी रद्द झाली, चालेल. पंखा बिघडला, चालेल. नवरा गेल्यावर लगेच कामावर आल्या तेव्हा मी म्हटलं, "थोडं घरी राहायचं होतंत." तर म्हणाल्या, "इथेही चालेल." मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटायचं.

घरात त्या मोठ्या सून. चहा कुणासाठी टाकू, भाजी कुणाला वाढू, असल्या प्रश्नांना त्यांचं उत्तर ठरलेलं, 'सगळ्यांसाठी'. सासूबाई, दीर, जाऊ, मुलं यांचं झाल्यावर काही उरलं तर ते त्यांचं.

एकदा डबा खाताना त्या म्हणाल्या, "मला आकडे नीट दिसत नाहीत गं हल्ली. तीन आहे की आठ, दोनदोनदा बघावं लागतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, चष्म्याने भागणार नाही." दूध संपलंय सांगावं, तशा आवाजात. माझा घास हातातच राहिला. रिपोर्टात तिनाचा आठ झाला तर पेशंटच्या जिवाशी खेळ, आणि लॅबच्या मॅडमना कळलं तर ताईंची नोकरी गेली. त्यांच्या पगारावर घर चालत होतं.

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटायला हवी ना? पण काही वाटतच नाही."

मग मीच कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवणारा प्रोग्रॅम मिळतो. आमचा कॉम्प्युटर एकच, पण सकाळी ताई, दुपारी दुसरा ऑपरेटर, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. ताईंच्या लॉगिनपुरता टाकला की कुणाला पत्ताही लागला नसता. हे मी ताईंना बजावायला हवं होतं, पण मला वाटलं, एवढं त्यांना कळत असेलच. कॉम्प्युटरवाला आला तेव्हा मी रक्त काढायच्या खोलीत एका रडणाऱ्या मुलीची शीर शोधत होते. इकडे त्याने विचारलं, "ताई, हा फक्त तुमच्यासाठी टाकू की सगळ्यांसाठी?"

आता ताई दुसरं काय सांगणार!

दुपारचा ऑपरेटर बसला आणि ओरडलाच, "अरे, हे काय! एकेक अक्षर वाटीएवढं! अर्धा रिपोर्ट पडद्याबाहेर गेलाय!" मॅडम आतून आल्या. कॉम्प्युटरवाला तोवर बाहेर प्रिंटर बघत होता, त्यालाही बोलावलं. ताई पर्स खांद्याला लावून दारात उभ्या होत्या.

"कुणी टाकायला सांगितलं हे?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मी."

"कशाला?"

"मला दिसत नाही नीट."

मॅडमचा आवाज खाली आला. "ताई, अहो, आकडा चुकला तर?"

"अजून चुकला नाही. ही अक्षरं राहिली तर चुकणार नाही. लहान केलीत तर मात्र चुकेन."

मॅडमनी सकाळचे रिपोर्ट मागवले आणि मशीनमधून आलेल्या छापील पट्ट्यांशी एकेक ताडून पाहिले. ताई उभ्याच. मी मॅडमच्या खांद्यावरून प्रत्येक आकडा वाचत होते, ताईंचा चेहरा मात्र तसाच. एकही आकडा चुकलेला नव्हता. शेवटचा रिपोर्ट खाली ठेवून मॅडम कॉम्प्युटरवाल्याला म्हणाल्या, "सगळ्यांचं काढा. परत टाका."

त्याने काढलं. पुन्हा तोच प्रश्न पडद्यावर आला. माउसवर हात ठेवून तो ताईंकडे बघत राहिला.

"फक्त माझ्यासाठी," ताई म्हणाल्या. मग आमच्या सगळ्यांकडे वळून, जरा घाबरून, त्यांनी विचारलं, "चालेल ना?"