सहा सुऱ्यांवरचं नाव

कानसबाईचा राग नाकावर असतो असं सगळे म्हणायचे, ते साफ खोटं. नाकावरचा राग एका शिंकेत उडून जातो. हिचा राग पोटात राहायचा, पाय पसरून, घरचाच असल्यासारखा.

वय त्रेपन्न. नोकरी कारागिरी शिकवणाऱ्या शाळेत. सव्वीस वर्षं तिनं एकच गोष्ट शिकवली: लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून सपाट करायचा. सोपं वाटतं ना? करून बघा. हात झोका खातो आणि तुकडा मधोमध फुगतो. मग ही मागून येऊन म्हणायची, "वा! सपाट पट्टी सांगितली होती, तू कासव केलंस." त्यावरून तिचं नाव पडलं कानसबाई. कानावर यायचंच ते. तिला आवडायचंही, पण कबूल कोण करतंय!

शाळेतल्या झिजलेल्या कानशी दर वर्षी भंगारात जायच्या. इतकं चांगलं पोलाद, दात बोथटले म्हणून फेकून द्यायचं? तिचा जीव तुटायचा. शेवटी मुख्याध्यापकांकडून रीतसर चिठ्ठी घेऊन तिनं त्या घरी आणायला सुरुवात केली. प्रत्येक कानस ग्राइंडरला टेकवून ठिणग्या बघायच्या. फुलबाजीसारख्या फुटल्या तर पोलाद आतपर्यंत अस्सल. नुसत्याच लांब रेघा आल्या तर वरची कातडी तेवढी कडक, आत सगळा आनंदीआनंद.

घराचे दोन भाग. पुढचा थोरल्या भावाचा, मागचा हिचा. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं भट्टी बांधली. रिकामी गॅसची जुनी टाकी आणली, तिची तोटी काढली, आत उरलासुरला गॅस राहू नये म्हणून काठोकाठ पाणी भरलं आणि मगच कापली. आतून आगीत न जळणारी पांढरी लोकर, तिच्यावर आगीत टिकणाऱ्या सिमेंटचा जाड लेप. पाइपाच्या तुकड्यांचा बर्नर, त्याला केसाएवढं भोक पाडलेली नळी. प्रोपेनची टाकी शेडच्या बाहेर. पहिल्यांदा पेटवली तेव्हा भट्टीनं अशी डरकाळी फोडली की वहिनीच्या हातातलं भांडं पडलं. दादा तेव्हा कुठे होता? रस्त्याच्या पलीकडे. "महत्त्वाचा फोन आला होता," म्हणे. फोन हातातही नव्हता.

दोन वर्षं ती शिकत होती. कानस आधी तापवून मऊ करायची, मग सुरीचा आकार द्यायचा, मग पुन्हा लाल करायची. लाली नीट दिसावी म्हणून भर दुपारी शेडला घोंगडी लावायची. चुंबक चिकटेनासं झालं की आणखी अंमळ तापवून कोमट तेलात बुडवायची. तेलात बुडवली तरी त्याला पाणी देणंच म्हणतात. नंतर ओव्हनमध्ये दोन तास, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि सुरी काचेसारखी तुटत नाही. पहिल्या नऊ सुऱ्या वाकल्या, तडकल्या, वाया गेल्या. दहावीनं टोमॅटोचा कागदासारखा पातळ काप काढला. त्या दिवशी ती शेडमध्ये एकटीच हसली.

मुठीजवळ ती कानशीचे दात बोटभर तसेच ठेवायची. ओल्या हातातून सुरी निसटू नये म्हणून. आणि हे पोलाद आधी काय होतं ते बघणाऱ्याला कळावं म्हणूनही. तीच तिची सही.

मग एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला मुख्य आचारी आला. रोज दोन पोती कांदा चिरणारा माणूस, मनगटं खांबासारखी. त्यानं एक सुरी हातात घेऊन तोलली, अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि म्हणाला, "बाई, अशा सहा द्या. शनिवारी नेतो." तिच्या हातच्या सुऱ्या तिलाच विचारून मागणारं हे पहिलं माणूस. कानसबाई आठवडाभर पोरांवर ओरडली नाही. पोरं घाबरली.

शुक्रवारी सहाही तयार झाल्या. आणि इथंच आमच्या दादासाहेबांचा प्रवेश. आयुष्य विक्रीच्या नोकरीत गेलेलं, बोलणं लोण्यासारखं. लहानपणीही हिनं चित्र काढायचं आणि यानं ते बाईंना दाखवायचं, असा दोघांचा कारभार. गेले सहा महिने तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आम्ही सुऱ्या बनवतो." ते 'आम्ही' ऐकून हिच्या पोटातला राग कूस बदलायचा.

शनिवारी ती शाळेतून आली तर पुढच्या खोलीत आचारी चहा पीत होता. टेबलावर सहा सुऱ्या आरशासारख्या चमकत होत्या.

"ये ये, बघ!" दादा म्हणाला. "सकाळी तू गेल्यावर बसलो. ग्राइंडर आणि पॉलिशचं चाक, चार तास! लग्नात मिरवाव्यात अशा झाल्यात की नाही?"

तिनं एक उचलली. मुठीजवळचे दात गायब, सगळं गुळगुळीत. त्या जागी खोल कोरलेलं दादाचं नाव, आडनावासकट. आणि धारेवर टोकापर्यंत मोरपिसासारखा निळा पट्टा.

"हा निळा रंग तर आपोआप आला," दादा कौतुकानं म्हणाला. "विकत घेऊन मिळणार नाही असा."

"दर दोन घासण्यांनी पाण्यात बुडवलीस?"

"पाण्यात? गंज चढेल ना वेडे!"

तिनं पर्समधून नवी कानस काढली (हो, या बाईच्या पर्समध्ये कानस असते, कंगवा नसतो) आणि धारेवर टेकवली.

"अगं काय करतेस! चरे पडतील!"

"पडायला नकोत, दादा. पाणी दिलेल्या सुरीवरून कानस घसरते."

कानस घसरली नाही. करकरत धारेत रुतली. दुसऱ्या सुरीत रुतली. सहाही सुऱ्यांत.

"मऊ," तिचा आवाज इतका खाली आला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ग्राइंडरच्या तापानं जाळल्यास. सहाच्या सहा."

आचाऱ्यानं कप खाली ठेवला. "एक मिनिट. यांनी तर मला सांगितलं, सगळं हेच करतात आणि तुम्ही मदतीला असता."

"मदतीला." तिनं तो शब्द चघळून बघितला. "दादा, त्यांना सांग ना, तापवताना चुंबक कशाला लागतं?"

दादानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं छताकडे बघितलं.

"लोखंड... उचलायला?"

आचारी हसला. कानसबाई हसली नाही. "लहानपणी चित्रं नेलीस, मी गप्प बसले. 'आम्ही' म्हणत हिंडलास, गप्प बसले. आज माझे दात घासून तिथं तू बसलास, दादा! माझ्याच सुरीवर! आणि धारही घालवलीस. चोरी करायची तर निदान माल तरी धड ठेवायचा!"

"अगं, घरातलंच नाव आहे..."

"मग माझं का नाही?"

दादा सुऱ्यांवरचे बोटांचे ठसे रुमालानं पुसू लागला.

"बाई," आचारी उठला, "आता काय होणार यांचं?"

"पुन्हा मऊ करीन, जळलेली धार कापीन, पुन्हा पाणी देईन. पातळ झाल्यात. एखादी तडकेल. दात मात्र परत येणार नाहीत."

"पुढच्या शनिवारी येतो. उरतील तेवढ्या द्या. पण मला तुमच्याच हातच्या हव्यात." जाता जाता तो दादाला म्हणाला, "चहा मात्र उत्तम होता हो. तो तुम्ही केला होता का?"

"तोही मीच केला," वहिनी म्हणाली.

त्याच संध्याकाळी भट्टी पेटली. सहाही सुऱ्या लाल करून तिनं राखेच्या डब्यात पुरल्या, सावकाश निवायला. रविवारी सकाळी त्या काढल्या आणि पुढच्या खोलीचं दार वाजवलं.

"दादा, शेडमध्ये चल. नाव तू कोरलंस, तूच काढणार."

"ग्राइंडरनं दोन मिनिटांत..."

"ग्राइंडरला हात लावलास तर बोटं मोजायला लावीन. कानशीनं. हातानं."

पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला दादा सुरी घट्ट धरणाऱ्या व्हाइससमोर उभा राहिला. आपलंच नाव घासू लागला. नाव खोल होतं, हौसेनं कोरलेलं. "डावा पाय पुढे. झोका नको. येताना कानस उचल, घासत आणू नको. कासव करतोयस, कासव!" वहिनी पाटावर बसून शेंगा सोलत होती. जाऊन कामं करावीत असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

दीड तासानं आडनाव गेलं. आणखी तासाभरानं नाव गेलं. दादानं तळहात उघडून दाखवला, अंगठ्याच्या मुळाशी टपोरा फोड. तिनं पट्टी आणून दिली. गुंडाळून मात्र दिली नाही.

सुरी उजेडाकडे तिरपी धरून तिनं पाहिलं. अक्षरं गेली होती. पोलाद तिथं जरा खोलगट झालं होतं, बोटाला लागेल इतकं.

"गेलं ना?" दादा घाम पुसत म्हणाला. "आता तरी राग गेला?"

"नाही," कानसबाई म्हणाली. "दुसरी घे."