आईला समुद्र दाखवायचा बेत

आधी सिस्टरचं सांगते, मग काय झालं ते. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. डायलिसिसच्या वॉर्डात माझ्या आईच्या हातात सुई घालणारी ती. मूळची समुद्रकाठच्या एका तेलुगू गावची, वयानं माझ्याहून थोडी लहानच, आणि मला दीदी म्हणते. ती नसती तर आज आई आमच्या घरात बसलेली दिसली नसती. आणि आईला जे कधीच कळू नये असं वाटतं, ते कळून चुकलं असतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं लिहायला लागले की रडू येतं आणि रडण्याच्या नादात माणसाचे उपकार लिहायचे राहून जातात.

मी माणदेशातली. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन हैदराबादला आले. विद्यानगरात दोन खोल्या. नवरा कुकटपल्लीच्या एका कारखान्यात जातो, मी हिमायतनगरच्या घरांत पोळ्या-भाजी करते. मला भाऊ नाही. आईच्या किडन्या गेल्या तेव्हा गावाकडे मशीन फार लांब पडत होतं, म्हणून तिला इकडे आणलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आमच्या घरात बाकीच्या वारांना आता नावच उरलेलं नाही, ते नुसते मधले दिवस.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. सकाळी मी एक बाटली भरून आईच्या उशाशी ठेवते, तीच दिवसभर पुरवायची. चहाही त्यातच धरायचा. जन्मभर डोक्यावर घागर घेऊन लांबून पाणी आणलेली बाई ही. इथं स्वयंपाकघरात नळ, चावी फिरवली की धो धो, आणि तिनं तोंड फिरवून बसायचं. एकदा म्हणाली, "देवानं नळ दिला आन् घसा काढून घेतला."

सिस्टर दर खेपेला वजन काट्यावर बघायची आणि कमरेवर हात ठेवायची.

"अम्मा, कित्ता पानी पिये? सच्ची बोलो."

"बाटलीच गं बाय. वर एक घोट बी न्हाय."

"झूट! काटा झूट बोलता क्या?"

"काटा तुमचा सरकारी हाय," आई म्हणायची, आणि सिस्टरला मराठी कळत नसूनही ती हसायची.

मशीनला चार तास पडून राहायचं तर बोलणं तरी किती बोलणार. सिस्टर आपल्या गावाचं सांगायची. दारात उभं राहिलं की समुद्र दिसतो म्हणे. मी ते आईला मराठीत सांगितलं. आई वरच्या पंख्याकडे बघत म्हणाली,

"दारातनं दिसतो? मग त्या आवाजानं झोप कशी लागती गं तिला?"

मी विचारलं. सिस्टर म्हणाली, "इधरच नींद नहीं आती अम्मा. इधर आवाज नहीं है ना."

त्या दिवशी रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "मला एकडाव बघायचाय." आईनं माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नव्हतं. साधी पोलक्याची चिंधीही नाही. मी हो म्हणाले, आणि लगेच काळज्या करायला लागले. माझा स्वभावच तसा. फोन वाजला की मला आधी वाईटच सुचतं. आगगाडीत तिला चक्कर आली तर? परक्या गावात हाताची नस सुजली तर? तिथलं जेवण खारट असलं तर? पण हो म्हणून झालं होतं.

बेत सिस्टरनंच बांधून दिला. मंगळवारचं डायलिसिस झालं की रात्रीची गाडी, बुधवारचा दिवस समुद्रावर, परत रात्रीची गाडी, गुरुवारी आल्या आल्या मशीन. मधे एक दिवसही चुकायचा नाही. डॉक्टर फेरीला आले तेव्हा तिनंच त्यांना विचारलं. ते म्हणाले, वजन आटोक्यात ठेवा, पथ्य पाळा आणि जाऊन या. राहायला सिस्टरच्या आईचं घर. म्हातारी एकटीच असते. तिनं फोनवर कळवलं की आईला वाळूत खाली बसवणार नाही, शेजारून खुर्ची आणून ठेवते.

मी दोन दिवसांची सुट्टी मागितली तेव्हा हिमायतनगरच्या मॅडमनी विचारलं, "गावाला का गं?"

"नाही, समुद्रावर."

"अगंबाई! हनिमून राहिला होता वाटतं तुमचा?"

"आईला घेऊन चाललोय मॅडम."

मग त्यांनी आतून मोठ्या काठाची एक टोपी आणून दिली, उन्हासाठी. घरी आईनं ती डोक्यावरच्या पदरावर घातली. नवरा म्हणाला, "मामी, आता तुमच्यासंगं फोटो काढायला लोक रांग लावतील." आई लाजली, पण टोपी काढायची विसरली. तशीच बसून लसूण सोलत होती.

अधेमधे ती काहीबाही विचारायची. समुद्राला पलीकडचा काठ असतो का. पाणी रात्री कुठं जातं. एकदा विचारलं, "त्यातलं पाणी पिता येत न्हाय म्हणत्यात, खरं का?"

"खरं."

"मग बरंय. समोर बसलं तरी जीव तळमळायचा न्हाय."

निघायच्या आदल्या दिवशी सोमवार होता. शनिवारचं मशीन होऊन मधे मोठा खंड पडलेला, म्हणजे आईच्या अंगात सगळं साठलेलं असतं तो दिवस. आमच्यात लांबच्या प्रवासाला निघताना देवापुढे नारळ फोडतात. महादेवाचा वार म्हणून नवऱ्यानं सकाळी कामावर जायच्या आधीच फोडला. पाणी तांब्यात धरलं, तीर्थ म्हणून सगळ्यांच्या तळहातावर थोडं थोडं घातलं. आईच्या हातावर मी थेंबभरच टाकलं. तिनं ते डोळ्यांना लावलं, जिभेला लावलं. नारळपाणी तिला विषासारखं, त्यातल्या क्षारानं हृदय बंद पडू शकतं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं होतं आणि आईलाही ते पाठ होतं. केळं नको, नारळपाणी नको, ती स्वतःच रिक्षावाल्याला सांगायची. तांब्या देवापुढे तसाच राहिला. नवरा गेला, मी पोळ्या लाटायला गेले.

दुपार कलल्यावर परत आले तर आई भिंतीला टेकून बसलेली. समोर पिशवी भरून ठेवलेली, वर टोपी.

"पायात जीव न्हाय गं," ती म्हणाली. "जीभ बी जड झालीया."

मला वाटलं, प्रवासाची धास्ती घेतली असेल, माझीच तर आई. पण उठवायला गेले तर तिचं सगळं अंग माझ्यावर आलं. मी सिस्टरला फोन लावला.

"आज क्या खाये अम्मा?"

मी सांगत होते, भाकरी, दुधी भोपळा, आणि सांगता सांगता देव्हाऱ्याकडे नजर गेली. तांब्या घासून पालथा घातलेला.

"आई, तांब्यातलं पाणी काय केलं?"

"घेतलं."

"सगळं? अगं, नारळपाणी बंद आहे ना तुला!"

"नारळपानी कुठं पिले मी?" आई मलाच समजावत होती, हळू, अडखळत. "तीर्थ हुतं ते. तुम्ही गेला तसंच टाकून. मोरीत वतू का देवाचं?"

फोन चालूच होता. सिस्टरला शब्द कळले नसतील, तांब्या न् नारळ एवढं तरी कळलं असावं. ती म्हणाली, "दीदी, अब्बी लेके आओ. कल तक नक्को रुको. अब्बी."

रिक्षात आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिच्या मनगटावर बोटं धरून बसले होते. मला नाडीतलं काही कळत नाही, तरी एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत मी श्वास घेत नव्हते. सिस्टरची ड्यूटी संपली होती, ती घरी गेलेली नव्हती. दवाखान्याच्या पायऱ्यांशी चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. तिनं आधीच मशीन मोकळं करून ठेवायला सांगितलं होतं, डॉक्टरला बोलावून ठेवलं होतं. छातीला वायरी लावल्या, कागद निघाला, डॉक्टरचा चेहरा बदलला. एक इंजेक्शन, मग दुसरं, मग मशीन. आणखी उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

नवरा कारखान्यातून तसाच आला, अंगावर कामाचे कपडे. आईनं डोळे उघडल्यावर त्याला राहवलं नाही. "मामी, तुम्हाला हजारदा सांगितलं होतं..." एवढंच बोलला असेल, तोवर सिस्टरनं त्याच्या बाहीला धरून त्याला बाहेर ओढलं. मलाही खूण केली.

"भाई, अम्मा को नक्को बोलो ये."

"बोलायचं नाही कसं? उद्या परत पितील!"

"नहीं पीते. मैं देखतूं वो. तुम खाली इत्ता बोलो, तबियत बिगड गई थी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भगवान का पानी समझ के पिये ना दीदी? वोइच पानी ने ये किया बोले तो अम्मा फिर किस पे भरोसा करते?"

तिच्या गळ्यात बारीक साखळीत क्रॉस आहे. बोलताना ती तो बोटांत धरून होती.

मंगळवारी सकाळी आई पहिलं वाक्य बोलली ते, "गाडी किती वाजता हाय?" नवऱ्यानं तिकिटं रद्द करून टाकली होती. मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात जाऊ." आई डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी नंतर मला बाहेर नेऊन सांगितलं. हृदयाला मार बसलाय, मशीनवर असतानाच रक्तदाब पडतोय, आता प्रवास नाही. समुद्र नाही, गावही नाही. घर ते दवाखाना, एवढंच.

त्या धावपळीत सिस्टर तिच्या आईला कळवायची विसरली. बुधवारी सकाळी म्हातारीचा फोन आला आणि सिस्टरनं तो माझ्या हातात दिला. पलीकडे म्हातारी स्टेशनवर उभी होती, गाडी येऊन निघूनही गेली होती. मला तोडकं मोडकं तेलुगू येतं. म्हटलं, "रालेदु अम्मा." आलो नाही. ती म्हणाली, "परवालेदु, परवालेदु," काही हरकत नाही, काही हरकत नाही. मागे रिक्षावाला तिला निघायची घाई करत होता. खुर्चीचं तिनं काही काढलं नाही, मीही विचारलं नाही.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. आई समुद्राचं नाव काढत नाही असं नाही, काढते, आणि तेच मला सहन होत नाही. देवाचं मन नव्हतं म्हणून बेत मोडला, असं तिनं ठरवलं आहे. "आणिक एक नारळ फोडू, मग जमंल," म्हणते. सोमवार आला की विचारते. मी म्हणते, या बाजारात नारळ नासकेच येतात. म्हणते, दुकान बंद होतं. ती मान हलवते. माझ्याहून पुष्कळ खोटी कारणं ऐकलेली बाई आहे ती, तिला सगळं कळत असेल, फक्त मूळ गोष्ट कळलेली नाही. देव्हाऱ्यासमोर बसते तेव्हा तिचा चेहरा निवांत असतो. तेवढं एक वाचलं.

बाकी काही वाचेल असं मला वाटत नाही. तिचं अंग गळत चाललंय, साडी दोनदा गुंडाळावी लागते. मागच्या आठवड्यात मी सिस्टरला कोपऱ्यात गाठून विचारलं, थंडीत तरी नेता येईल का, एक दिवस, नुसतं जाऊन परत. दुसरं कुणी असतं तर बघू म्हणालं असतं. ती म्हणाली, "समुंदर का अब नक्को सोचो दीदी. अम्मा के पास बैठो." आणि माझ्यासारखीच रडली. मग तोंड धुऊन दुसऱ्या पेशंटकडे गेली.

परवा तिनं सांगितलं, तिच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनसाठी इकडे ये म्हणून ही मागे लागलीय, म्हातारी घर सोडायला तयार नाही. पण दिसेनासं झाल्यावर यावंच लागेल. सिस्टरची ड्यूटी बारा बारा तासांची, घरात दुसरं कुणी नाही. मी तिला तोंडावर काही बोलले नाही, बोलले असते तर तिनं नको नको म्हटलं असतं. इथं लिहून ठेवते. तुझी आई येईल तेव्हा तिच्या डोळ्यांत वेळच्या वेळी औषध मी घालीन, जेवायला मी वाढीन, पट्टी सुटेपर्यंत तिचा हात धरून मी बसेन. माझी आई तेव्हा असो, नसो.