हिंमतचा निबंध आणि लाल शाई

“मी यावर सही करणार नाही,” असं म्हणून मी टाक हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. शाईचे दोन थेंब त्यांच्या पांढऱ्या उपरण्यावर उडाले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

टेबलावर दोन निबंध होते. दोन्ही हिंमत पाटलाच्या हस्ताक्षरात. एक त्याचा स्वतःचा, लाल शाईनं चिरफाड केलेला. दुसरा हेडमास्तरांनी सांगितलेला आणि त्यानं वळणदार अक्षरात उतरवलेला. त्या दुसऱ्याखाली मी लिहून द्यायचं होतं, की उमेदवारानं हा माझ्यासमोर बसून, कोणाच्याही मदतीशिवाय लिहिला आहे.

थोडं मागे जातो. मी धुळ्याला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. राहायला पांझरा नदीपलीकडे, देवपुरात. हिंमत आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी. पारोळ्याजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. शेतकीची डिग्री घेऊन तो जळगावकडच्या सरकारी कापूस-फार्मावर असिस्टंट झाला होता. युद्ध संपलं, बोटी पुन्हा सुरू झाल्या, आणि विलायतेतल्या एका युनिव्हर्सिटीनं त्याला जागा देऊ केली. अट एकच. आपल्या कामातल्या एखाद्या प्रश्नावर, शिक्षकासमोर बसून, दोन तासांत इंग्रजी निबंध लिहायचा आणि तो पाठवायचा. तिथल्या लेक्चरांना हा माणूस टिकेल का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

दर रविवारी तो मोटारीनं धुळ्याला यायचा. त्याला जे हवं होतं ते शाळेतलं इंग्रजी नव्हे. युनिव्हर्सिटीत लेक्चर ऐकता ऐकता मुद्दे टिपावे लागतात. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगावं लागतं, आणि ते कोणाचं हेही सांगावं लागतं. आपण पाहिलं ते वेगळं आणि आपल्याला वाटलं ते वेगळं, याची सरमिसळ चालत नाही. सांगायला सोपं आहे.

पहिल्या महिन्यात हिंमतनं मला वात आणला. विषय कोणताही द्या, सुरुवात ठरलेली: आपला देश शेतीप्रधान आहे. मग सृष्टीसौंदर्य, मग कष्टाळू शेतकरी, शेवटी ईश्वराची प्रार्थना. इंग्रजी निर्दोष, पण त्यात हिंमत औषधालासुद्धा नाही. तिसऱ्या वेळी मी त्याची वही भिरकावली.

“हे कोणी शिकवलं तुला?”

तो खाली बघत म्हणाला, “तुम्हीच सर. मॅट्रिकले. हाऊ तुमनाच निबंध शे. मी बठ्ठा पाठ करेल व्हता.”

खरंच होतं. आमच्या शाळेत रीतच तशी. मुलगा कच्चं लिहितो. मास्तर लाल शाईनं त्याची वाक्यं खोडून आपली घालतात. मुलगा ती सुवाच्य अक्षरात उतरवतो. याला फेअर कॉपी म्हणायचं. मास्तरांचं वाक्य जसंच्या तसं लिहिणं हा आदर, स्वतःचं लिहिणं हा आगाऊपणा. त्या फेअर कॉपीला हिंमतला शाळेचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. दिलं होतं मीच. म्हणजे माझ्याच निबंधाला मी बक्षीस दिलं, आणि वर इतकी वर्षं त्याचा अभिमान बाळगला! राग तर इतका आला, पण आता वही भिरकावायला तोंड उरलं नव्हतं. मीच ती उचलून आणली.

“फार्मावर, गावात रोज काय बघतोस ते सांग,” मी म्हणालो.

तेव्हा कुठे तो बोलायला लागला. कापूस निघाला की लोक पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून चुलीसाठी घरामागे रचतात. त्यांवर राहिलेल्या बोंडांत अळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात परत वावरात येते. ज्यांनी पऱ्हाट्या उन्हाळ्याआधी जाळल्या, त्यांच्या कपाशीवर हिंमतला अळी कमी दिसली होती. घरचा ढीग त्यानं स्वतः पेटवला. आई महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. मी हे त्याच्याकडून इंग्रजीत पुन्हा पुन्हा लिहून घेतलं. चुका दाखवल्या, पण वाक्य एकही घालून दिलं नाही. हात फार शिवशिवत होता.

निबंधाच्या दिवशी रिकाम्या वर्गात आम्ही दोघंच होतो. त्यानं सरळ लिहिलं: पऱ्हाट्या जाळाव्यात असं मला वाटतं, माझ्या आईचा याला विरोध आहे, कारण तिच्याकडे दुसरं जळण नाही, या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आणि शेवटी: हे मी माझ्या गावातच पाहिलं आहे, इतर ठिकाणी असंच असेल हे मला ठाऊक नाही. काळ चुकले होते, एक वाक्य अर्ध्यावर लंगडत होतं. पण ते वाचताना मला जितका आनंद झाला, तितका कुठल्याही बक्षीसपात्र निबंधानं दिला नव्हता.

इथे मी गाढवपणा केला. शाळेचा शिक्का आणि पाकीट बंद करायची लाख हेडमास्तरांच्या कपाटात असायची, म्हणून पाकीट उघडंच त्यांच्याकडे दिलं. “नजर टाकतो,” ते म्हणाले. हिंमत निबंधासाठी धुळ्यातच मुक्कामाला होता; दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला परस्पर बोलावून घेतलं, आणि माझ्यासमोर आले ते हे दोन निबंध.

“अहो, असलं इंग्रजी विलायतेला पाठवायचं?” हेडमास्तर म्हणाले. “शाळेची अब्रू आहे की नाही?”

“इंग्रजी त्याचं आहे.”

“म्हणूनच म्हणतो!”

“आणि कोणाच्याही मदतीशिवाय, हे मी लिहून देऊ? खोटं?”

“मदत कसली? गुरूनं शिष्याचं लेखन शुद्ध केलं, एवढंच.”

हिंमत दाराशी उभा होता. मी त्याच्यावरच उखडलो. “तू तरी उतरवून का घेतलंस?”

“हेडसर शेतस. नही कसं म्हणू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल गेलं नसतं तर मुंबईची बोट चुकली असती, आणि बोटीबरोबर त्याची जागा. पहिला निबंध नव्यानं उतरवला असता तर तीही फेअर कॉपीच. माझ्यासमोर लिहिलेला कागद एकच होता, आणि तो लालेलाल झाला होता.

हिंमतचे वडील, आबा, पोराला भेटायला गावाहून आले होते आणि बाहेर व्हरांड्यात बसले होते. मी त्यांना आत बोलावलं. दोन्ही निबंध मराठीत सांगितले. पहिला ऐकताना ते मध्येच हसले. बायकोचं गाऱ्हाणं थेट विलायतेला निघालेलं बघून हसले असावेत. दुसऱ्यात कापूस पिकांचा राजा होता, चांदण्यासारखा शुभ्र होता. आबांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, “हाऊ कापूस कोना वावरमा शे?”

हेडमास्तर म्हणाले, “आबा, ही साहित्याची भाषा आहे.”

“व्हई. पन यामा अळीच नही. मंग पोऱ्या तठे जाईसन काय शिकी?”

मग हिंमत पुढे आला. त्यानं लाल झालेला निबंध उचलून माझ्या हातात दिला. “सर, हाऊच धाडा.”

“शाळेचा शिक्का मिळणार नाही,” हेडमास्तर म्हणाले.

बिनशिक्क्याचंच पाठवलं. सोबत पत्र जोडलं: काळी शाई उमेदवाराची, लाल शाई आमच्या हेडमास्तरांची, शिक्का नसण्याचं कारणही तेच.

तीन महिने हिंमत फार्मावर आणि मी शाळेत, दोघंही जीव मुठीत धरून होतो. हेडमास्तर माझ्याशी चिठ्ठ्यांतूनच बोलत. मग उत्तर आलं. जागा कायम. पहिल्या टर्मला इंग्रजीच्या जादा वर्गाला बसावं लागेल. लाल शाईतला मजकूर आम्ही विचारात घेतलेला नाही.

हेडमास्तरांनी ते पत्र प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य गाळून. टाळ्या झाल्या, आमच्या शाळेच्या इंग्रजीचा डंका विलायतेत वाजला असं त्यांनी जाहीर केलं, आणि मी दातओठ खात उभा राहिलो.

त्यानंतर मी मुलांची वाक्यं खोडणं सोडलं. निबंध आला की समासात एकच प्रश्न लिहायचा: हे कोणाच्या वावरात पाहिलंस? पालकांनी तक्रारी केल्या. हेडमास्तरांनी लेखी ताकीद दिली. मी दाद दिली नाही. मोठ्या आशेनं पहिला गठ्ठा परत दिला आणि उत्तरं मागवली.

पहिल्याच वहीत माझ्या प्रश्नाखाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, “सर, तुमच्या.” वर निबंध पाहिला. आपला देश शेतीप्रधान आहे.