पहिल्या पानासाठी बसलेल्या नर्सबाई

नर्सबाई रागावल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. इतका खाली, की ऐकायला समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. देवळीच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी आसपासच्या गावांत त्यांना नावाने कुणी ओळखत नसे; सगळ्यांच्या त्या नर्सबाईच. मी तेव्हा वर्ध्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचा देवळीतला वार्ताहर होतो. एका सकाळी त्या माझ्या दारात आल्या, ‘जय भीम’ म्हणाल्या आणि पेपर पुढे धरला.

“हे तू लिहिलं का?”

मला वाकावं लागलं.

अल्लीपूरची एक तरुण मुलगी विहिरीत पडून गेली होती. ‘प्रेमप्रकरणातून तरुणीची आत्महत्या’ ही पहिल्या पानावरची बातमी माझीच होती. कुणीतरी फोनवर सांगितलं, तेवढ्यावर मी ती दिली होती.

“तिच्या घरी गेलता?”

“नाही, बाई.”

“मंग चाल माह्यासंगं.”

आम्ही बसने निघालो. अल्लीपूरला मुलीच्या आईने आम्हाला आधी पाणी दिलं, मग दवाखान्याचे कागद आणि उरलेल्या गोळ्या समोर ठेवल्या. मुलीला मिरगी होती. त्या गोळ्या इतकी वर्षं नर्सबाईच आणून देत. फवारणीसाठी पाणी काढताना तिला झटका आला आणि ती आत पडली. शेजारच्या वावरातल्या बाईने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आई म्हणाली, “पोरगी तं गेली, भाऊ. पन लोक आता भेटाले नाई येत. कोन होता म्हनून इचाराले येतात.”

मी त्याच दिवशी खुलासा लिहून पाठवला. तो आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली तीन ओळींत आला. नर्सबाई मला घेऊन थेट वर्ध्याच्या कार्यालयात गेल्या.

“साहेब, खोटं पह्यल्या पानावर अन् खरं कोपऱ्यात काऊन?” त्यांनी संपादकांना विचारलं.

“बाई, पेपर असा चालत नसतो.”

“मंग मी खाली बसतो. कसा चालते, ते पाहतो.” आमच्याकडच्या बायाही ‘बसतो’च म्हणतात.

आणि त्या खरंच बसल्या. दर सोमवारी पहिल्या बसने येऊन, कार्यालयाच्या जिन्यापाशी स्टूल टाकून. घोषणा नाही, फलक नाही. कुठल्याशा शिबिरात त्यांनी ऐकलं होतं, की परदेशात काही वर्तमानपत्रं वाचकांच्या तक्रारी ऐकायला वेगळा माणूस नेमतात. “तिकडं पगार देऊन बसवतात,” त्या मला म्हणाल्या, “मी तं फुकट बसून राह्यली.” हळूहळू लोक त्यांच्याकडे येऊ लागले. आंजीचे एक गुरुजी आले; चोरीच्या बातमीत चोराऐवजी त्यांचाच फोटो छापला गेला होता. नर्सबाई प्रत्येकाचं ऐकून घेत, त्या गावाला जाऊन खातरजमा करत आणि मगच वर संपादकांकडे चिठ्ठी पाठवत. चिठ्ठ्यांना उत्तर येत नसे. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा हजर. ही बाई कंटाळत कशी नाही, हे मला कळेना.

पावसाळा गेला, कापूस वेचणीला आला. तेव्हा एकदा त्यांच्याकडूनच चूक झाली. आमच्या एका वार्ताहराने गावाची पाण्याची तक्रार दाबली, असं त्या चारचौघांत बोलल्या. खरं तर त्या तक्रारीची बातमी आधीच छापून आली होती. ती त्यांच्या नजरेतून सुटली होती. कळलं तशा त्या जिना चढून वर आल्या. तो वार्ताहर, संपादक, आम्ही सगळे तिथेच होतो.

“मी चुकली,” त्या त्याला म्हणाल्या. मग संपादकांकडे वळल्या. “हे छापा. माह्या नावानं. पह्यल्या पानावर.”

हसेल कुणी, असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. संपादकांनी ते लिहून घेतलं आणि अल्लीपूरच्या बातमीचा जुना अंक काढायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दोन खुलासे होते. खाली नर्सबाईंचा. आणि वर, त्या खोट्या बातमीच्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, अल्लीपूरच्या मुलीचा. मी अंक घेऊन तिच्या घरी गेलो. आईने तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा शेजारणींना बोलावून.

पुढे कार्यालयाने नर्सबाईंना आत टेबल दिलं. गुडघे थकेपर्यंत त्या येत राहिल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. संपादक स्वतः देवळीला आले. ओसरीवर बसून त्यांनी निधनाची बातमी हाताने लिहिली आणि नर्सबाईंच्या मुलीला वाचून दाखवली. ती मध्येच म्हणाली, “साहेब, ‘थोर’ नका लिहू. आईले नसतं चाललं.”

त्यांनी तो शब्द खोडला. मी शेजारीच बसलो होतो. मला काही तो खोडता आला नसता.