चावी संपायच्या आत

"हे लुगडं चालणार नाही. फार चांगलं आहे."

कॅमेरावाला माझ्या मायला म्हणाला. म्हणजे तिला नाहीच म्हणाला. तिच्याकडे बोट करून भाऊसाहेबांना म्हणाला. भाऊसाहेब आमच्या वसतिगृहाचे सेक्रेटरी. अमरावतीत वकिली करायचे, आणि वकिलीतून वेळ उरला की आमचा उद्धार. त्यांनी बाईसाहेबांकडे पाहिलं. बाईसाहेब म्हणजे त्यांची बायको, वसतिगृहाच्या अध्यक्ष. त्या आत गेल्या आणि लोकांनी दिलेल्या जुन्या कपड्यांच्या पेटीतून एक फाटकं जुनेर घेऊन आल्या. मायच्या हातात दिलं नाही. ओट्यावर टाकलं. मायनं ते उचललं.

मी तेरा वर्षांची होते. माय त्या रविवारी मला भेटायला अकोल्याहून आली होती. अकोल्याला ती जिनात कामाला. आठवडाभर कापसाची धूळ खायची आणि महिन्याकाठी एखादा रविवार सुटीचा मिळाला की पहाटेची गाडी धरायची. ते हिरवं लुगडं तिच्याजवळचं एकुलतं एक चांगलं. पोरीची माय भिकारीण दिसू नये म्हणून ती खास तेच नेसून यायची. आल्या आल्या तिनं माझ्या डोक्याला तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. त्या कॅमेरावाल्यानं सोडायला लावल्या. मग बाईसाहेबांनी अंगणातली मूठभर माती माझ्या केसांत चोळली. हाताला रुमाल गुंडाळून.

काय, तर संस्थेची फिल्म काढायची होती. दहा मिनिटांची. गावोगाव दाखवायची, बघणाऱ्यांचं काळीज पाझरलं पाहिजे, संस्थेला मदत आली पाहिजे. तुमच्यातल्या काही जणांनी ती पाहिलेली आहे, मला माहीत आहे. एक अभागी बाई आपल्या मळकट पोरीला घेऊन संस्थेच्या दारात येते. बाईसाहेबांच्या पायांवर डोकं ठेवते. बाईसाहेब पोरीला जवळ घेतात. मग पोर न्हाऊन, फ्रॉक घालून, पाटीवर अ आ इ गिरवते.

खरं काय झालं होतं ते ऐका. तीन वर्षांआधी माय मला घेऊन त्या दारात आली, तेव्हा मी चौथी पास होते. वर्गात पहिली. अ आ इ मला संस्थेनं शिकवलेलं नाही. माय दारात उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "पोरगी हुशार आहे. मास्तरीण करा हिले." बस. पाया पडली नव्हती.

आणि मधल्या काळात आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली होती. नागपूरहून परत आल्यावर मायनं घरातले देव टोपलीत भरले आणि नाल्यात सोडून दिले. मला म्हणाली, "आता कोनाच्या पायावर डोकसं ठेवाचं नाही. देवाच्या नाही, मानसाच्या त् नाहीच." माझी आजी जन्मभर पाटलाच्या दारापुढं लांबूनच जमिनीला डोकं टेकवत आली होती. लांबून, कारण जवळ जायची सोय नव्हती. मायनं ते सगळं त्या टोपलीबरोबर सोडलं होतं.

म्हणून तिनं विचारलं, "पाया पडाच लागते काय, साहेब?"

भाऊसाहेब हसले. "अगं, नाटक आहे हे. नाटकात पाया पडलं तर तुझं काय झिजणार आहे?" मग तसंच हसत पुढं म्हणाले, "पोरीची जागा पुढच्या वर्षीही राहायला हवी ना?"

माय न्हाणीत गेली आणि जुनेर नेसून आली.

कॅमेरा चावीचा होता. चावी पिळून भरायची, की तो थोडाच वेळ घर्रघर्र करत चालायचा आणि थांबायचा. म्हणून तो माणूस सारखा ओरडत होता, "चावी संपायच्या आत वाकायचं. बाई, समजलं? चावी संपायच्या आत. आणि तोंड पाडून."

पहिल्यांदा माय वाकली. तिचे हात पायांजवळ गेले आणि बाईसाहेबांनी पाय मागं ओढले. मुद्दाम नाही, हे मी आजही कबूल करते. चटका बसताना हात येतो तसे ते पाय आपोआप मागं आले. बाईसाहेब सभेत उभ्या राहिल्या की अस्पृश्यता कशी गेली पाहिजे यावर तासभर बोलायच्या. पायांना कोणी ते सांगितलं नव्हतं. कॅमेरावाला वैतागला. "बाईसाहेब, पाय हलवू नका. पाय हलले तर दया कशी दिसणार?"

दुसऱ्यांदा माय वाकलीच नाही. नुसती उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली. कॅमेरा घर्रघर्र करत संपला. या वेळी भाऊसाहेब हसले नाहीत. "फिल्म काय झाडाला लागते?" एवढंच म्हणाले.

तिसऱ्यांदा वाकली. डोकं पायांवर टेकवलं. बाईसाहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले, पण पाय ठेवले. पडद्यावर ते डोळे मिटणं फार दयाळू दिसतं म्हणे. बायका त्या ठिकाणी हमखास पदर डोळ्याला लावायच्या.

माय उठली. कपाळ पुसलं. "झालं काय, साहेब?"

झालं होतं. ती लुगडं बदलायला गेली. मी केसांतली माती धुवायला हौदाकडं गेले, तर बाईसाहेब तिथं उभ्या. पायांवर तांब्यानं पाणी ओतत होत्या. एक तांब्या, दुसरा, तिसरा. पार घोट्याच्या वरपर्यंत. मला पाहून म्हणाल्या, "ऊन किती तापलंय, नाही?"

मी हो म्हणाले. थंडीचे दिवस होते.

हे मी मायला सांगितलं नाही. ती जाताना पुन्हा माझ्या वेण्या घालून गेली.

इथवर सगळं दुसऱ्यांचं. आता माझं सांगते.

ती फिल्म मुकी होती. आवाज नव्हता तिला. म्हणून भाऊसाहेबांनी पाच पानांचं निवेदन लिहून काढलं होतं, आणि पडद्याच्या बाजूला उभं राहून कोणीतरी ते भोंग्यावर वाचायचं. आधी एक मास्तर वाचायचे. मी मॅट्रिकच्या वर्गात गेले, तेव्हा भाऊसाहेबांच्या डोक्यात आलं की हे निवेदन हिनंच वाचावं. माझी जीभ तोवर धुऊन निघाली होती. वसतिगृहात 'मले' म्हटलं की पट्टी. 'कावून' म्हटलं की पट्टी. 'करून राहिली' म्हटलं की जेवणाच्या पंगतीतून उठवायचे. ऐकणाऱ्याला माझी वस्ती कळणार नाही, इतकं शुद्ध मी बोलायला लागले होते. आज तुमच्यापुढं बोलतेय ती भाषा तीच. त्यांनी दिलेली. ती मी फेकून देणार नाही, त्यांच्यावरच वापरणार.

मी वाचलं. कोणी छडी घेऊन उभं नव्हतं. सांगायला जीभ जड होते, पण मला ते आवडायचं. नवं पांढरं पातळ मिळायचं. टेबलाशी बसवून कपबशीत चहा द्यायचे. शेवटी दिवे लागले की भाऊसाहेब माझ्या खांद्यामागून हात करून सांगायचे, "हीच ती मुलगी." लोक टाळ्या वाजवायचे. मळकी पोर पडद्यावर, धुतलेली पोर समोर. बाया जवळ येऊन माझी हनुवटी वर करून बघायच्या, बाजारात भांडं बघतात तशा.

तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं. "ही अभागिनी माता आपल्या काळजाचा तुकडा दयेच्या चरणी वाहत आहे." भाऊसाहेबांनी तिथं पेन्सिलनं खूण केली होती. "इथं थांब जरा. आवाज कापू दे." मी थांबायचे. आवाज कापू द्यायचे. पडद्याकडे मात्र कधी बघितलं नाही. नजर कागदावर ठेवायचे.

अमरावतीत वाचलं. मोर्शीला वाचलं. अचलपूरला, मूर्तिजापूरला. इथं शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या व्यापाऱ्यांपुढं वाचलं. चिखलदऱ्याला हवा खायला आलेल्या बड्या लोकांपुढं वाचलं. मग अकोला आलं.

मॅट्रिकच्या फॉर्मवर तेव्हा भाऊसाहेबांची सही व्हायची होती. फॉर्म त्यांच्या बॅगेतच होता. "अकोला उरकू, मग करू," म्हणाले होते.

मायला मी कळवलं नव्हतं. पण टांग्यातून भोंगा फिरला होता, की वसतिगृहाची फिल्म येणार, तिथलीच विद्यार्थिनी बोलणार. मायनं जिनात सगळ्यांना सांगितलं, "माही पोरगी भोंग्यावर बोलनार आहे." पाच-सहा बाया घेऊन आली. खुर्च्या पाहुण्यांच्या, म्हणून त्या मागं भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मला दिवे जायच्या आधी दिसली. तेच हिरवं लुगडं. तिनं हात वर केला.

दिवे गेले. मशीन सुरू झाली. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यावर आले आणि मागून त्या बायांपैकी एकीचा आवाज आला, चांगला मोठ्यानं, "अवं, हे त् तूच आहेस. कोनाच्या पाया पडून राहिली तू?"

मी पडद्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. माझी माय जुनेरात वाकत होती.

थांबायची खूण तिथंच होती. मी थांबले. मग पुढं वाचलंच नाही. मशीनची टकटक तेवढी ऐकू येत होती. भाऊसाहेब बाजूनं कुजबुजले, "वाच." पुन्हा म्हणाले, "अगं, वाच." मी फॉर्मचा विचार केला. खोटं कशाला सांगू, आधी फॉर्मचाच केला. मग भोंग्यात बोलले, आणि तोंडातून आली ती पट्टी मारून मारून काढलेली भाषा.

"हे माही माय आहे. हे पाया पडली नाही. हिले तीन डाव वाकवलं. अन् मंग बाईसाहेबानं हौदावर जाऊन पाय धुतले."

कागद खाली टाकला. कोणीतरी भोंगा ओढून घेतला. दिवे लागले. पुढच्या खुर्चीतला एक शेटजी म्हणाला, "खाऊ घालून वाढवलं, त्याचं हे फळ." भाऊसाहेबांनी बॅगेतून फॉर्म काढला, माझ्यापुढं त्याची चौपदरी घडी केली आणि खिशात घातला.

मी बाहेर आले. मला वाटलं होतं माय पाठीवर हात ठेवील. शाबास म्हणेल. ती पुढं चालत होती. जिनातल्या बाया तिच्या मागं. वस्तीच्या वळणावर त्या पांगल्या, तेव्हा ती थांबली.

"पाय धुतले?"

"हो."

"तुले तवापासून मालूम होतं?"

"हो."

"अन् हे तू किती गावात वाचलं?"

मी मोजलं. "सहा."

"मी तीन डाव वाकली. तुह्यासाठी वाकली," माय म्हणाली. "तू मले सहा गावात वाकवलं."

घरी येऊन तिनं भाकर केली, मला वाढली. दुसऱ्या दिवशी स्वतःबरोबर जिनात घेऊन गेली. बाईसाहेबांचा मला राग होता, आजही आहे, मरेपर्यंत राहील. पण त्यांनी पाय धुतले ते आपल्या हौदावर. मी मात्र माझ्या मायचं वाकणं पेन्सिलच्या खुणेवर आवाज कापवून विकलं, आणि वर चहा प्यायले. दीड वर्ष कापूस साफ करताना मी हेच चघळत होते. वसतिगृहाची सही नसेल तर नसेल, पुढं बाहेरून बसून मॅट्रिक झाले. ट्रेनिंग झालं. शाळेवर ऑर्डर आली तेव्हा पेढे घेऊन मायकडं गेले. तिनं एक पेढा खाल्ला, पदराला बोटं पुसली आणि विचारलं, "ते सहा गावं फिरली काय?"

म्हणून फिरतेय. सुटी घेते, जाते, सभा मागते. अमरावतीत बोलले. मोर्शीत बोलले. मूर्तिजापूरला निम्मे लोक उठून गेले, निम्म्यांपुढं बोलले. अचलपूरला शाळेनं खोली नाकारली, तर बाजारात बोलले. आज तुमचं शेंदूरजनाघाट. तेव्हाही तुम्ही इथं होता, याच खुर्च्यांवर. पुढच्या बाई, तुम्ही पदर काढू नका. मागच्या वेळी पुष्कळ रडलात. या वेळी नुसतं ऐका.

ती फिल्म संस्था अजून दाखवते. मी रीळ मागायला गेले, तर ती संस्थेची मालमत्ता आहे म्हणाले. असू द्या. जिथं ती लागेल तिथं मी पडद्यापुढं जाऊन उभी राहीन, आणि मला तिथून काढायला येणाऱ्यानं चार माणसं घेऊन यावं.

एक चिखलदरा राहिलं. तिथं मे महिन्यात जाणार आहे, तेच लोक हवा खायला आलेले असतील तेव्हा. भोंगा मिळाला नाही तर तोंडानं सांगीन, आणि मायच्या भाषेत सांगीन.