वाइंडिंगच्या टेबलावरची अक्का

नागापूरच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं कॉइल गुंडाळायचं, म्हणजे वाइंडिंगचं, काम केलं. मिक्सरच्या, पंख्याच्या मोटारीत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, ती कॉइल. आमची शेड पत्र्याची, एका फाउंड्रीच्या मागच्या अंगाला होती. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं. कामाला आम्ही बायकाच जास्त. शेठ आधी एका मोठ्या कारखान्यात फिटर होते, तिथून बाहेर पडून त्यांनी हे सुरू केलेलं. आमचा माल पुण्याच्या एका मिक्सर कंपनीला जायचा.

माझ्या शेजारच्या मशीनवर अक्का बसायची. माहेर शेवगावकडचं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बोल्हेगावात एक खोली भाड्याने घेऊन तिने दोन मुली वाढवल्या. थोरलीचं लग्न झालं होतं, धाकटी कॉलेजात शिकत होती. मी कामाला लागले तेव्हा माझी तार सारखी तुटायची आणि मला रडू यायचं. अक्का आपलं मशीन थांबवून माझ्या मागे येऊन उभी राहायची. म्हणायची, "वढू नको गं तिला. येती तशी येऊ दे." जेवायच्या सुट्टीत ती डब्यातलं हुलग्याचं शेंगोळं माझ्या ताटलीत आधी वाढायची आणि मग स्वतः जेवायची. मला आई नव्हती. ते तिला कधी सांगावं लागलं नाही.

एका दिवाळीला पुण्याच्या कंपनीकडून आलेल्या मिठाईच्या खोक्यांवर वेगळंच नाव छापलेलं होतं. शेठ म्हणाले, ती कंपनी बाहेरच्या देशातल्या लोकांनी विकत घेतली. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. मिठाई मात्र चांगली होती. पण त्यानंतर ऑर्डर कमी कमी होत गेली. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग शनिवारी काम नसायला लागलं. पुण्याहून दर आठवड्याला येणारा टेम्पो महिन्यातून एकदा यायला लागला, आणि तोही अर्धा रिकामा जायचा. शेठ फोनवर बोलायला शेडबाहेर जाऊ लागले.

मग एके दिवशी ते पुण्याहून परत आले आणि त्यांनी आमच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीतली एक कॉइल ठेवली. "ही बघा. जहाजाने येते. तिकडून इथपर्यंत येऊनसुद्धा आपल्यापेक्षा स्वस्त पडते त्यांना."

सगळ्याजणींनी ती हातात घेऊन पाहिली. कुणी म्हणाली, तार हलकी असेल. कुणी म्हणाली, महिनाभरात जळेल. अक्काने पिशवी उघडली, कॉइल उजेडाकडे धरली, टोकाला तारेला दिलेला पीळ बोटाने चाचपला.

"चांगली केलीय," ती म्हणाली. "हे मशीनचं न्हाई, हातानं पिळलंय. बाईचाच हात हाय."

अक्काने कॉइल पुन्हा पिशवीत घातली. थोड्या वेळाने मला हळूच विचारलं, "तिला किती देत असतील गं?" मला काय माहीत? मी माझ्या मशीनला नवी तार लावली.

शेठनी आपला दर उतरवून पाहिला, पुण्याला खेपा घातल्या. शेवटच्या खेपेहून आले तेव्हा त्यांनी आम्हाला सगळ्यांना एकत्र बसवलं. "त्यांनी चहा पाजला मला," ते म्हणाले. "तुमच्या मालात काही खोट नाही, असंही म्हणाले." एवढं बोलून ते चष्मा पुसत राहिले. शेड बंद होणार, हे आम्ही समजून घेतलं. सगळ्यांचा हिशेब त्यांनी चुकता केला, एकीचाही ठेवला नाही. विकलेली मशीनं न्यायला परगावचा माणूस येणार होता त्या सकाळी अक्का मुद्दाम आली, फडक्याने तिने आपलं मशीन पुसलं, तेल दिलं. मी म्हटलं, "अक्का, आता कशाला?" ती म्हणाली, "जाईल त्या घरी नीट जाऊ दे." मशीन टेम्पोत चढवताना हमालांनी ते आडवं केलं, तेव्हा ती तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिली.

मग आम्ही दोघी एमआयडीसीतल्या फाटकांवर फिरलो. सगळीकडे काम ठेकेदाराच्या हातात गेलेलं. एका ठिकाणी ठेकेदाराने अक्काला वय विचारलं. तिने कमी करून सांगितलं. तो तिच्या केसांकडे बघून हसला आणि मला म्हणाला, "तुम्ही उद्यापासून या. मावशींचं जमणार नाही." मी नको म्हणाले. बाहेर आल्यावर अक्का माझ्यावर चिडली. "यडी हायस का? तुला लेकरू हाय." दुसऱ्या दिवशी तिनेच मला त्या फाटकापर्यंत आणून सोडलं. तिथे मी अजून पॅकिंगला आहे.

तिच्या धाकटीने कॉलेज सोडलं आणि ती सावेडीत एका कपड्यांच्या दुकानात कामाला उभी राहिली. पोरीने ते आईला न विचारता केलं. अक्का मला म्हणाली, "तिला रागवायला तोंड न्हाई मला." काही महिन्यांनी मुलीचं लग्न उरकलं आणि खोली सोडून अक्का शेवगावला भावाकडे गेली. स्टँडवर मी पोचवायला गेले होते. एक पेटी, एक गाठोडं आणि गॅसची शेगडी. एसटीत खिडकीशी बसल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पुढच्या सीटकडेच बघत राहिली. मला तिचा राग आला नाही. पाहिलं असतं तर तिला जाता आलं नसतं.

मागच्या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेले. ती भावाच्या शेतात कापूस वेचत होती. कापसाच्या बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली, नखांच्या कडेला रक्त सुकलेलं. भाऊ चांगला माणूस, त्याने मला खाटेवर बसवलं. पण तोही त्रासलेला होता. "बाहेरच्या देशातनं कापसाच्या गाठी आल्यात म्हनं," तो म्हणाला. "मार्केटात व्यापारी कापसाला हात लावंना. आमी काय करायचं?" अक्का पदराने हात झाकून ऐकत होती.

तो उठून गेल्यावर मी तिला म्हटलं, "अक्का, माझ्याकडे चला. दोन खोल्या आहेत."

"आन् तिथं काय करू?"

"काही करू नका."

ती हसली. "तेच तर जमत न्हाई गं मला."

तेवढ्यात आतून भावजयीने हाक मारली, जळण आणायला. आवाजात वाईट काही नव्हतं, साधी हाक होती. पण अक्का ज्या घाईने उठली, ते मला बघवलं नाही. शेडमध्ये शेठनी बोलावलं तरी हातातली कॉइल पूर्ण केल्याशिवाय ती जागची हलत नसे.

मला परतीची एसटी गाठायची होती. मी दारातूनच येते म्हणाले. ती चुलीपुढे बसली होती, धुराने डोळे बारीक केलेले. पिठाचा हात वर करून म्हणाली, "नीट जा." तिने थांब म्हटलं असतं तर मी थांबले असते.

आता फोन केला की तिचा भाऊ उचलतो. ताई रानात गेलीय, म्हणतो. आली की सांगतो, म्हणतो.