मेव्हण्याचा गोळीबार

बंदुकांचा धंदा करणारे जगात पुष्कळ असतील, पण गिऱ्हाइकाला गोळी लागू नये म्हणून देव पाण्यात घालून बसणारा एकच, आणि तो माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. बंदुका खेळातल्या होत्या हे आधीच सांगतो, नाहीतर वाचणारे भलतंच समजतील. त्यातून सुपारीएवढी रंगाची गोळी सुटायची आणि अंगावर फुटली की कपड्यावर निळा नाहीतर तांबडा डाग पडायचा. डाग पडला तो बाद. दोन पार्ट्या करायच्या, पेंढ्याच्या भाऱ्यांमागं लपायचं आणि एकमेकांना रंगवायचं. शहाणीसुरती, मिशीवाली माणसं हे हौसेनं करतात यावर माझा अजूनही नीट विश्वास बसत नाही.

मुंबईला असल्याच एका मैदानावर तो सामान सांभाळायला होता. मालकानं मैदान बंद केलं आणि जुन्या बंदुका, तोंडावर घालायचे मुखवटे याला देऊन टाकले. दुसरा कुणी असता तर भंगारात घालून मोकळा झाला असता. यानं ते गोणपाटात बांधले आणि एसटीनं गावाला आणले. महाडच्या स्टँडवर गोण फाटली आणि नळी बाहेर आली. कंडक्टर खाली उडी मारून शेंगदाणेवाल्याच्या मागं जाऊन उभा राहिला. हा शांतपणे म्हणतो कसा, "घाबरू नका, घरच्यासाठी नेतोय." याला असं बोलायला कोण शिकवतं देव जाणे. त्या दिवशी त्याला चौकीत दोन तास बसवला, आणि सुटला तेव्हा हवालदारालाच खेळायला बोलावून आला.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. वाडीच्या माळावर नाचणीखेरीज काही होत नव्हतं. तिथं यानं मैदान केलं. मी तोंडावर बोलणारा माणूस. म्हटलं, "अरे, त्यापेक्षा कोंबड्या पाळ." तर म्हणाला, "दाजी, वाडीत पोराला मिसरूड फुटलं की तो मुंबईची गाडी पकडतो. घरात म्हातारी राहते नायतर कुलूप. माझे दोघं इथं राहिले पायजेत. कोंबड्यांसाठी कोण राहील? बंदुकीसाठी राहतील."

मग सगळं घर त्या खेळाला जुंपलं. थोरला मुलगा बंदुका पुसायचा, धाकटा महाडच्या सोडावॉटरवाल्याकडून बंदुकांना लागणाऱ्या गॅसच्या टाक्या भरून आणायचा, त्याची बायको भाकऱ्या भाजायची. आपल्याकडच्या दमट हवेत त्या गोळ्या फुगतात आणि नळीत अडकतात, म्हणून हा त्या तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायचा. एकदा मूठभर तशाच पातेल्यात गेल्या आणि भात निळा झाला. पाहुण्यांना वाटलं शहरातली नवीन पद्धत असेल, एकानं दोनदा मागून घेतला. पेंढ्याचे भारे होते ते म्हैस खायची. ऐन खेळात डाव्या पार्टीचा निम्मा आडोसा म्हशीनं खाल्ला आणि चार माणसं उघड्यावर पडली. ती भांडायला लागली तर यानं निकाल दिला, "म्हैस दोन्ही पार्ट्यांची हाय. उद्या त्यांच्या बाजूचं खाईल."

पण त्याची खरी खोड वेगळीच. बंदूक हातात द्यायच्या आधी तो प्रत्येकाला गाव विचारायचा, मग मामाचं गाव, मग सासुरवाडी. आमच्या तालुक्यात असं खणत गेलं तर नातं लागत नाही असा माणूस सापडायचा नाही. नातं सापडलं की याचा चेहरा फुलायचा आणि खेळाची वाट लागायची. दोघं एकमेकांवर नेम धरून बसलेत, आता गोळी सुटणार, तेवढ्यात हा शिट्टी फुंकत मधे. "थांब रे! तुझ्या आत्येच्या दिराचा मुलगा हाय तो! त्याला मारतोस?" मग दोघं बंदुका खाली ठेवायचे, आत्येची तब्येत विचारायचे, आणि डाव तिथंच संपायचा. लोक हसून हसून जायचे, पण परत यायचे नाहीत. दोन वर्षांत मैदानावर माणसांपेक्षा म्हैसच जास्त दिसायला लागली. थोरल्यानं मुंबईत मामाला नोकरीचं विचारून ठेवलं. मामाचा निरोप आला, सोमवारी ये. त्यानं पिशवी भरली. धाकटाही म्हणाला, दादा गेला की मी कशाला राहू?

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, बिरवाडीच्या एका कारखान्याचे साहेब वीस कामगार घेऊन आले. खेळ आवडला तर दर महिन्याला माणसं पाठवीन म्हणाले. आम्ही नवराबायको मदतीला गेलो होतो. मी मेव्हण्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आज तोंड बंद ठेव. कुणाला गाव विचारू नको." त्यानं मान डोलावली. पाणी देता देता साहेबांना म्हणाला, "साहेब, सासुरवाडी कुठली?"

झालं. साहेबांची सासू निघाली मेव्हण्याच्या बायकोची मावसबहीण. म्हणजे साहेब जावई. हा भाऱ्यावर उभा राहून ओरडला, "दोन्ही पार्ट्यांनी ऐका! साहेबांवर गोळी चालवायची नाय. घरचे जावई हायत!" कामगार आधीच साहेबांना बिचकत होते, त्यांना बरंच झालं. साहेब बिचारे अर्धा तास माळभर धावले, आडवे पडले, उठून हात हलवले. कुणी गोळी मारीना. शेवटी पांढरा शर्ट तसाच्या तसा घेऊन मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "इथंही कुणी माझ्याशी खेळणार नाही का?" आवाज असा होता की मलाच लाज वाटली. थोरला भाचा मुकाट्यानं बंदुका गोळा करायला लागला. मेव्हण्याला आता कळलं. तो भाऱ्यावरच खाली बसला.

आमची ही चुलीपाशी होती. पिठाचे हात लुगड्याला पुसत उठली, भाच्याच्या हातातली बंदूक घेतली आणि भावाला म्हणाली, "अरे मेल्या, जावई तुझ्या बायकोकडचा. माझा कोण लागतो?"

"आक्के, नको गो!" हा ओरडला.

"तू गप. ओ जावईबापू, मुखवटा घाला तोंडावर!"

साहेबांनी घातला. हिनं आयुष्यात कोयत्याशिवाय हत्यार धरलेलं नव्हतं. पहिली गोळी म्हशीला लागली. दुसरी साहेबांच्या बरोबर पोटावर, निळीशार. साहेब खाली बघतात, शर्ट बघतात, आणि लहान मुलासारखे ओरडतात, "लागली! मला लागली!" मग कामगारांना कुणी अडवावं? बाद झालेला माणूस मारायचा नसतो, हा नियम त्या दिवशी कुणी पाळला नाही. सगळ्यात जास्त गोळ्या साहेबांच्या ड्रायव्हरनं मारल्या. साहेब गाडीत बसले तेव्हा मुखवट्याआडचं तोंड तेवढं कोरं राहिलं होतं. जाताना हिच्या पाया पडले आणि म्हणाले, "मावशी, पुढच्या महिन्यात पण याच."

पुढं कितीतरी वर्षं दर महिन्याला बिरवाडीहून गाडी यायची. थोरल्यानं भरलेली पिशवी रिकामी केली. धाकट्यानं मुंबईचं नाव काढलं नाही. दोघांची लग्नं तिथंच झाली, पोरं तिथंच झाली. मेव्हणा सगळ्यांना सांगत सुटायचा, माझ्या बंदुकांनी पोरं राखली. हिनं कधी त्याला दुरुस्त केलं नाही. मी करायला गेलो तर मलाच गप बसवायची.

माघात ही गेली. पहाटे चहा ठेवते म्हणून उठली आणि तिथंच बसली. आम्हाला दोन मुली, दोघी लांब दिलेल्या. त्या महिन्यात आमच्या गावात आणखी दोन मयतं झाली. घरातली पुरुषमाणसं मुंबईला, त्यामुळं ती दुपार कलेपर्यंत अंगणात ठेवावी लागली. माणसं डोंगरावरच्या वळणाकडं बघत बसली होती, गाडी दिसते का म्हणून. हिला थांबावं लागलं नाही. उन्हं अंगणात यायच्या आत दोन्ही भाचे आणि त्यांचा बाप वाडीवरून चालत आले. मी धरून चार खांदे झाले, चारही घरचे.

वाटेत मेव्हणा माझ्या पुढं होता. त्याचा खांदा माझ्यापेक्षा बुटका, म्हणून तो टाचा उचलून चालत होता, सगळी वाट, तिला धक्का लागू नये म्हणून. हे मी त्याला बोललो नाही. इतरांना तोंडावर बोलतो, त्याला हे बोलायला गेलो तर तो रडेल, आणि मग आम्हा दोघांना गप करायला आता घरात कुणी नाही.